रतन गाईच्या चारित्र्याबाबत

“सर, तोंडात नको,” मी म्हणाले.

तोवर डॉ. वाळिंब्यांनी चमचा कलता केला होता. पंचामृताचा टपोरा थेंब यंत्राच्या तोंडावर क्षणभर थांबला, आत जावं की न जावं असा विचार केल्यासारखा, आणि गेला.

“नैवेद्य आहे, मॅडम. दाराशी ठेवून चालत नाही,” आमचे संचालक म्हणाले. उरलेलं पंचामृत त्यांनी झेंडूच्या फुलाने टेबलावर, नळ्यांच्या स्टँडवर आणि माझ्या पांढऱ्या कोटावर शिंपडलं.

खंडेनवमी होती. आमच्या पशुपैदास केंद्रात त्या दिवशी सगळ्या हत्यारांची पूजा व्हायची. जीप, कडबा कापायचं यंत्र, कृत्रिम रेतनाची पिस्तुलं आणि एक टाइपरायटर. त्यावर शेवटचं पत्र कोणी बडवलं हे सांगू शकणारा माणूस निवृत्त होऊन वारलाही होता. त्या वर्षी रांगेत हे नवं यंत्र आलं होतं. पानाच्या डब्याएवढं. डीएनए वाचायचं. जिल्ह्यात असं दुसरं नव्हतं, आणि ते चालवता येणारी मृणाल कारखानीस नावाची बाईही जिल्ह्यात एकच होती, ती मी.

यंत्राच्या पोटात एक पातळ पडदा असतो. त्यात पाचशे बारा छिद्रं. छिद्र म्हणजे डीएनएचा एक धागा जेमतेम सरपटत जाईल एवढं. प्रत्येक छिद्रातून विजेचा अगदी बारीक प्रवाह सोडलेला असतो. चालू छिद्र संगणकावर हिरवं दिसतं आणि मेलेलं राखाडी.

मी संगणकाकडे पाहत होते. हिरवे चौकोन एकेक करून विझत गेले, दिवाळीनंतरच्या पणत्यांसारखे. डॉ. वाळिंबे हात जोडून माझ्या शेजारी उभे राहिले.

“बघा, कसं शांत वाटतंय,” ते म्हणाले.

पाचशे बारापैकी त्रेसष्ट छिद्रं उरली. नवा पडदा परदेशातून यायला चार महिने लागत. आणि माझ्या फ्रीजमध्ये, वरच्या कप्प्यात, तानूबाई गोरड यांची पिशवी होती.

*

तानूबाई त्याच्या आठ दिवस आधी आल्या होत्या. केंद्राच्या फाटकावर संचालकांनी एक पाटी लावली होती: ‘विज्ञान गोठ्याच्या दारी. पशुपालकांनी नमुने आणावेत, तपासून मिळतील.’ दोन वर्षांत त्या पाटीचा लाभ फक्त एका कुत्र्याने घेतला होता, तोही सावलीपुरता. त्यामुळे साठीची एक बाई टायरच्या वहाणा दाराशी काढून थेट प्रयोगशाळेत आली, तेव्हा मला आधी वाटलं की ती वाट चुकली.

“पाटी खरी हाय का नुसतीच?” तिने विचारलं.

“खरी आहे.”

“मग ह्ये वाचा.”

ते खिलार शुद्धवंश संघाचं पत्र होतं. संघाचे अध्यक्ष आबासाहेब धुमाळ. अर्ध्या माणदेशातल्या खिलार गाईबैलांची वंशावळ संघाच्या नोंदवहीत असे, आणि ज्या जनावराचं नाव वहीत नाही त्याला जत्रेतल्या शुद्ध खिलारांच्या रिंगणात पाऊल टाकता येत नसे. पत्रात लिहिलं होतं:

‘नोंद क्र. ४१८, गाय नामे “रतन”, हिने दिलेले खोंड खिलार जातीच्या लक्षणांशी मेळ खात नसल्याने सदर गाय बाहेरख्याली असल्याचे निष्पन्न होत असून तिचे नाव नोंदवहीतून कमी करण्यात येत आहे. लोभ असावा.’

“वाचलं?”

“वाचलं.”

“बाहेरख्याली म्हंजी काय ते मला माझ्या लेकानं सांगितलं. मान खाली घालून सांगितलं त्यानं.”

मला हसू येत होतं. बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ते परत गेलं.

“माझ्या लग्नात आईनं आंदण गाय दिली व्हती,” तानूबाई म्हणाल्या. “तिची ही सातवी पिढी. त्या घरात माझं म्हनून येवढंच आलंय, बाकी समदं त्येंचं. सात पिढ्यांत एक गाय दावं तोडून गेली न्हाई. आता पान्याला गेलं की बाया इचारत्यात, तानू, रतनचं काय ऐकतोय आम्ही? आन माझ्याकडं बगून हसत्यात. रतनकडं बगून न्हाई.”

“आणि खोंड?”

“हरण्या. रंग दिसायच्या आधी नाव ठेवलं, ती चूक झाली माझी. कान लोंबत्यात, तोंड आखूड, अंगावर तांबूस झाक. हरणासारकं त्यात कायबी न्हाई. पर ह्यो संघाच्याच वळूचा हाय. बादशहाचा. मी सोता उभी व्हते.”

बादशहा हे नाव मलाही माहीत होतं. आबासाहेबांच्या गोठ्यातला वळू, तीन वर्षं जत्रेचा मानकरी. संघ कृत्रिम रेतनासाठी त्याच्या रेताच्या कांड्या गावोगाव पुरवत असे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तो आबासाहेबांच्या शेजारी उभा होता आणि दोघांत तोच जास्त विचारी दिसत होता.

तानूबाईंनी पिशवी उलटी केली. कागदाच्या दोन पुड्या निघाल्या, एकीत रतनच्या शेपटीचे मुळासकट उपटलेले केस आणि दुसरीत हरण्याचे. आणि एक बारीक पिवळी नळी. रेताची रिकामी कांडी. आमच्याकडे ती टाकून देत नाहीत. गोठ्याच्या आढ्याला खोचून ठेवतात, कारण बापाचा नंबर तिच्यावर छापलेला असतो. वासराचा जन्मदाखला तोच.

मी नंबर वाचला. बादशहाचाच होता.

“रिकामीच हाय,” तानूबाई म्हणाल्या.

“डोळ्यांना रिकामी. यंत्राला पुरेल.”

त्यांनी यंत्राभोवती एक चक्कर मारली. मग वाकून, यात बघायचं कुठून, असं विचारलं.

“बघायचं नसतं, तानूबाई. ऐकायचं असतं म्हणा. आत बारीक छिद्रं आहेत आणि प्रत्येकातून वीज जाते. जनावराच्या अंगातला धागा त्यातून सरकला की वीज अडते. कधी थोडी, कधी जास्त. कशी अडली त्यावरून धाग्यावर काय लिहिलंय ते कळतं.”

त्यांनी यंत्राला कान लावून पाहिला.

“आमच्या वेशीत बाळू आंधळा बसायचा,” त्या म्हणाल्या. “सांजंला गुरं येताना वेस अरुंद, एकेक जनावर आत यायचं. घुंगरावरनं आन चालीवरनं सांगायचा, ही गोरडाची, ही लंगडी शेळक्याची. कधी चुकला न्हाई.”

“तेच. फक्त इथे पाचशे बारा वेशी आहेत, आणि प्रत्येकीत एक बाळू.”

“मग एकादा बाळू चुकला तरी?”

“बाकीचे त्याला गप्प करतात.”

तानूबाईंनी मान डोलावली. बारा वर्षांच्या नोकरीत माझं काम एवढ्या कमी शब्दांत कोणाला समजलेलं मी पाहिलं नव्हतं. तेव्हाही आणि नंतरही.

*

दसरा झाल्यावर मी पडदा तीनदा धुतला. त्रेसष्ट बाळू शिल्लक होते. मग नमुन्यांना हात लावायच्या आधी मी प्रसादाचीच तपासणी केली. टेबलावर वाळलेला पंचामृताचा डाग खरवडला, नळीत घातला आणि नमुन्यांवर जी प्रक्रिया करणार होते तीच त्याच्यावर केली. तासाभरात निकाल आला: गाय, केळं, तुळस, थोडी मधमाशी. गाय संकरित, विलायती जर्सीच्या रक्ताची, म्हणजे डेअरीच्या पिशवीतलं दूध. संचालक पंचामृतात केळं घालतात हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मी कागद छापला आणि फाईलला लावला. मग सगळ्या नळ्या बदलल्या, टेबल दोनदा पुसलं आणि तानूबाईंचे नमुने घेतले.

त्रेसष्ट छिद्रांना जे पाचशेंनी सहा तासांत केलं असतं ते करायला दोन दिवस लागले. एकेका छिद्रातून हजारो धागे गेले. तिसऱ्या दिवशी अहवाल तयार झाला, दीड पानाचा. हरण्या रतनचाच. हरण्या बादशहाचाच. आणि हरण्यात जर्सीचा जो अंश होता तो रतनमध्ये अजिबात नव्हता. तो कांडीत होता.

मी अहवाल घेऊन संचालकांकडे गेले. त्यांनी तो दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला.

“मॅडम, आबासाहेब आपल्या सल्लागार मंडळावर आहेत.”

“हो सर.”

“बादशहाच्या हजारो कांड्या गेल्यात. गावोगाव.”

“हो सर. म्हणूनच.”

त्यांनी फाईल चाळली आणि पंचामृताच्या कागदापाशी थांबले. त्यांचा चेहरा उजळला. तसा उजळलेला चेहरा मी फक्त बदली रद्द झालेल्या माणसांचा पाहिला आहे.

“हे काय? ‘टेबलावरील डागात संकरित गाईचा डीएनए आढळला.’ तुम्हीच लिहिलंय की! संपलं तर मग. जर्सी आली ती पंचामृतातून. नमुने दूषित.”

“सर, ते पान पूर्ण वाचा.”

“वाचायचंय काय त्यात? दूषित. आपण लिहू, ‘निष्कर्ष काढता येत नाही’. कोणाचं वाईट नाही.”

“रतनचं आहे.”

“रतन कोण?”

“गाय.”

डॉ. वाळिंब्यांनी खुर्ची मागे सरकवली. माणूस वाईट नव्हता. आयुष्यात त्यांनी कोणाचं वाकडं केलं नव्हतं, आणि त्यासाठी जे जे सरळ होतं ते ते त्यांना वाकवावं लागलं होतं.

“कोकणातल्या कुक्कुट केंद्रात एक जागा रिकामी आहे,” ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. “हवा चांगली आहे. कोंबड्यांचं चारित्र्य कोणी विचारत नाही.”

“अंड्यांना सही लागते का सर?”

“नाही.”

“मग तिथे जायच्या आधी इथली करून जाते.”

मी त्यांच्यासमोर अहवालावर सही केली, खाली हुद्दा लिहिला आणि तारीख टाकली. त्यांनी अहवाल जावक नोंदवहीत चढवू दिला नाही. माझ्याकडे एक प्रत होती आणि संघाची वार्षिक सभा दिवाळीनंतरच्या जत्रेत होती. तानूबाईंनी तिथे अर्ज दिला होता. विषयपत्रिकेत तो आठवा होता, ‘आयत्या वेळचे विषय’ याच्या आधी आणि ‘अल्पोपहार’ याच्या बराच आधी.

*

जत्रेच्या माळावर मांडव होता. शेजारी दावणीला बादशहा, गळ्यात झेंडूचा हार, शिंगांना वार्निश. पलीकडे शुद्ध खिलारांचं रिंगण, त्याला बांबूचं दार आणि दारावर वही घेऊन बसलेला एक माणूस. बाहेर, चिंचेखाली, तानूबाईंनी रतनला बांधलं होतं. गाय पांढरीशुभ्र, उभी अशी की तिला बघायला आपण आलोय. हरण्या तिच्या पायात घोटाळत होता. लोंबत्या कानांचा, तांबूस, आणि आपल्यावरून काय गदारोळ चाललाय याची बिलकूल फिकीर नसलेला.

“तानूबाई, बसा की खुर्चीवर,” आबासाहेब मोठ्या मायेने म्हणाले. पांढरा सदरा, पांढरी टोपी, आवाजात साय.

“उभीच बरी. तुमच्याकडं बसलं की वहीतनं नाव जातं.”

मांडवात खसखस पिकली. मी अहवाल वाचला. शेवटचं वाक्य वाचून झालं तेव्हा खसखस पूर्ण थांबली होती, आणि सगळ्यांच्या माना आधी आबासाहेबांकडे आणि मग बादशहाकडे वळल्या. बादशहा हारातला झेंडू खात होता.

आबासाहेबांनी आवाज चढवला नाही. “वाळिंबेसाहेब, हे तुमच्या केंद्राचं म्हणणं आहे?”

डॉ. वाळिंबे उभे राहिले. “दोष माझा आहे,” ते म्हणाले. “माझ्या भक्तीचा. खंडेनवमीला मी यंत्राला पंचामृताचा नैवेद्य दाखवला. त्यात डेअरीचं दूध होतं. यंत्रात जर्सी दिसली ती त्या दुधातली. मॅडमनी स्वतः डाग तपासलाय, कागद आहे. देवाधर्मात माझी चूक झाली असेल, तर सभेने क्षमा करावी.”

टाळ्या पडल्या. देवाला नैवेद्य दाखवणाऱ्या माणसाला माफ न करणारा माणूस त्या मांडवात कोण निघणार?

मी उत्तर द्यायला उभी राहिले. नळ्या बदलल्या होत्या हे सांगितलं. रसायनांनी तयार न केलेला धागा छिद्रात शिरत नाही हे सांगितलं. त्रेसष्ट छिद्रांतून प्रत्येकी किती धागे गेले त्याची आकडेवारी सांगितली. आठ मिनिटं बोलले. आबासाहेबांनी जांभई दिली, तोंडावर हात ठेवून, कारण मी बाईमाणूस होते.

“मॅडम, एकूण छिद्रं किती?” त्यांनी विचारलं.

“पाचशे बारा.”

“आणि बोलली किती?”

“त्रेसष्ट.”

“म्हणजे कोरमसुद्धा नाही!”

पुन्हा हशा. त्यांनी संघाच्या सभेचा कोरम काढायला नको होता.

“तुमचे सभासद किती, आबासाहेब?”

“चारशेवर.”

“आणि सभेला किती लागतात?”

त्यांनी टोपी सारखी केली. “अकरा,” मागून कोणीतरी सांगितलं.

“अकरा माणसांनी रतनचं नाव खोडलं. माझी त्रेसष्ट आहेत, आणि सगळी एकच सांगतात.”

“विद्वानांच्या गोष्टी आहेत या,” आबासाहेब समजुतीने म्हणाले. “दोन विद्वान इथेच आहेत आणि दोघांचं एक नाही. आपण साध्या माणसांनी काय करायचं? विषय बंद करू. पुढचा घ्या.”

चिटणिसाने पान उलटलं. आणि तेव्हा तानूबाई, ज्या इतका वेळ खांबाला टेकून उभ्या होत्या, पुढे आल्या.

“थांबा की. अर्ज माजा हाय. बाई, मला सादंच इचारायचंय. नराकडं आसतंय आन मादीकडं नसतंय, आसं कायतरी त्या धाग्यात आसंल की न्हाई?”

मी त्यांच्याकडे बघत राहिले. आठ मिनिटांत मी ते सांगितलं होतं. पाचव्या मिनिटाला, एका लांब वाक्याच्या मधोमध, दोन आकड्यांच्या खाली पुरून.

“असतं,” मी म्हणाले. “एक धागा फक्त नराकडे असतो. बाप तो लेकाला देतो, लेक नातवाला.”

“रतनकडं हाय?”

“नाही.”

“दुसऱ्या कुठल्या गाईकडं?”

“कुठल्याच गाईकडे नाही. जगातल्या.”

“हरण्याकडं?”

“आहे.”

“कुनाचा?”

“जर्सीचा.”

“आन त्या कांडीत? बादशहाच्या?”

“तोच. अक्षर न् अक्षर तोच.”

“आन तुमी त्यो डाग खरवडला, पंचामृताचा. त्यात सापडला ह्यो धागा?”

“एकही नाही. त्या कागदावर शेवटच्या ओळीत लिहिलंय. संचालकांना मी पूर्ण वाचायला सांगितलं होतं.”

तानूबाई डॉ. वाळिंब्यांकडे वळल्या. पदर सारखा केला आणि अगदी अदबीने विचारलं,

“सायेब, तुमच्या पंचामृताला दूध कशाचं व्हतं?”

“अर्थात गाईचं.”

“नक्की? बैलाचं नसंल न्हवं?”

मग पहिल्या रांगेत काठीवर हनुवटी टेकून झोपल्यासारखे बसलेले सोपानबुवा, संघाचे सगळ्यात जुने सभासद, हसू लागले. आवाज न करता, नुसते खांदे हलवत. त्यांचं बघून मागची रांग, तिच्या मागची, आणि मग सगळा माळ. डॉ. वाळिंबे खाली बसले. त्या दिवशी ते पुन्हा उठले ते अल्पोपहारालाच.

“आरं आबा,” डोळे पुसत सोपानबुवा म्हणाले, “तुमच्या वडलांनी डेरी काढली तवा एक जर्सी वळू आनला व्हता न्हवं? काय नाव त्याचं... रॉबर्ट!”

“बुवा, तो विषय—”

“राबट! कुंपान मोडायचा लई. मीच दोनदा धरून दिलाय त्याला तुमच्या गोठ्यातनं.”

आबासाहेबांचा चेहरा पहिल्यांदाच सदऱ्याला मॅच झाला. तरी ते आबासाहेब होते. हसण्याची लाट ओसरू दिली, मग हात वर केला.

“ठीक आहे. चूक माणसाच्या हातून होते. संघ मोठ्या मनाचा आहे. रतनचं नाव आजच वहीत परत घेतो. मी स्वतः लिहितो. मॅडमनी तो अहवाल परत न्यावा आणि हा विषय इथेच संपावा. बादशहाबद्दल बाहेर बोभाटा नको. हजारो लोकांच्या गोठ्यांचा प्रश्न आहे. काय तानूबाई? तुमचं काम झालं.”

मी तानूबाईंकडे पाहिलं. एवढ्यासाठीच तर आल्या होत्या. नाव परत मिळत होतं, तेही अध्यक्षांच्या अक्षरात. मी त्यांच्या जागी असते तर... पण मी त्यांच्या जागी नव्हते. माझ्याकडे सात पिढ्यांचं काही नव्हतं.

“एक गोष्ट ऱ्हायली,” तानूबाई म्हणाल्या. “रॉबर्ट तुमच्या गोठ्यात शिरला, म्हंजी तुमच्या दावनीची कुनीतरी गाय गाभन ऱ्हायली, आन बादशहा त्याच वंशाचा. तिचं नाव वहीत आसंल.”

“असेल.”

“तिच्याफुडं त्योच शबूद लिवा. माझ्या रतनफुडं लिवला त्यो.”

“भलतंच!” आबासाहेब उसळले. “मुक्या जनावराबद्दल असं लिहिणं संघाला शोभत नाही!”

“मग माझी रतन काय भाषनं देती व्हय?”

या वेळी कोणी हसलं नाही.

“तानूबाई, ती आमच्या घरची गाय आहे,” आबासाहेब खालच्या आवाजात म्हणाले. “तिच्याबद्दल असा शब्द वापरायची पद्धत नाही.”

“आसंच वाटलं मला,” तानूबाई म्हणाल्या. “ऱ्हावू द्या. रतनचं नाव तुमच्या वहीत नगं. तुमच्या वहीत आता कोन कुनाचं हाय, ते तुमचं तुमाला तरी ठावं हाय का?”

आणि त्या मांडवातून बाहेर पडल्या. मी अहवालाची प्रत चिटणिसापुढे ठेवली आणि त्यांच्या मागे गेले. तो अहवाल परत न्यायचा नव्हता, हे मी तोंडाने सांगितलं नाही. चिटणिसाने त्यावर पेपरवेट ठेवला, तेवढं पुरे होतं.

वीस दिवसांनी माझी कोकणात बदली झाली. हवा खरोखरच चांगली होती. बादशहा त्या वर्षी ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ निवृत्त झाला असं संघाच्या पत्रकात आलं. आता या गोष्टीला नऊ वर्षं झाली. पाचशे बारा छिद्रांचे पडदे आता जुने झाले, हजारो छिद्रांचे आले. पण माझी आठवण त्या दिवशीच्या दुपारपाशीच येऊन थांबते.

चिंचेखाली तानूबाई मला म्हणाल्या, “इथंच थांबा.” जत्रेतल्या कटलरीच्या दुकानातून त्या शाळेची दोनशे पानी वही घेऊन आल्या. वर फुलपाखराचं चित्र.

“अक्षर बरं हाय न्हवं तुमचं? लिवा.”

मी गुडघ्यावर वही ठेवून लिहायला बसले. त्या सांगत गेल्या. आंदण आलेली गाय चंपा. तिची मैना. मैनेची सोनी. सोनीची पवळी, पवळीची चांदी, चांदीची लक्षी, लक्षीची रतन. एकाही नावाला त्या अडखळल्या नाहीत. मग रतनचा हरण्या.

“बाप?” मी विचारलं.

“बादशहा.”

मी लिहिलं. पेन उचललं नाही. “पुढे? बाहेरख्याली लिहू का?”

तानूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी आबासाहेबांची बहीण असावी.

“छ्या! जनावराला आसं लिवत्यात व्हय?” त्या म्हणाल्या. “सही करा खाली. हुद्द्यासकट.”

मी सही केली, हुद्दा लिहिला, तारीख टाकली.

त्यांनी वही काखेत मारली, रतनचं दावं सोडलं आणि रिंगणाच्या दिशेने निघाल्या. मागे हरण्या, लोंबते कान उडवत. बांबूच्या दारावरच्या माणसाने त्यांना येताना पाहिलं, मांडवाकडे पाहिलं, पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं, आणि सवयीने विचारलं,

“नोंद नंबर?”

“एक,” तानूबाई म्हणाल्या, आणि दार त्याच्या उघडण्याची वाट न बघता रतननेच कपाळाने ढकललं.